दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही

मी ‘नको’ म्हणाले आणि आमिनाथने भांडं खरंच उचललं. उचललं, वर झाकण ठेवलं आणि आत घेऊन गेली. माझा हात अजून ताटलीवर आडवा होता. समोर ज्ञानेश्वरचाही होता. आम्ही दोघं नवरा-बायको मालदीवमधल्या एका बेटावर, परक्या बाईच्या ओसरीत, आपापल्या रिकाम्या ताटल्या झाकून बसलो होतो आणि आतून भांडी घासल्याचा आवाज यायला लागला होता. पोटात एकेकच रोशी गेली होती. रोशी म्हणजे आपली पोळीच, जरा पातळ. सोबत खोबरं, कांदा, मिरची आणि मासा असं एकत्र कालवलेलं. पहिल्या घासाला मी त्याला भ्याले होते आणि तिसऱ्या घासाला मला ते आवडून गेलं होतं. मासा मी जन्मात खाल्ला नव्हता. माझं माहेर जामखेड. मासा असायला आधी पाणी असावं लागतं. ज्ञानेश्वर पडला कोल्हारचा, प्रवरेकाठचा, त्याला माशाचं नवल नव्हतं; त्याला अजून चार रोश्या गेल्या असत्या आणि मला दोन. ‘येईल परत,’ तो माझ्याकडे न बघता पुटपुटला, ‘दुसरं काहीतरी घेऊन येईल बघ.’ आम्ही वाट पाहिली. आमिनाथ आली ती हात पुसत, हसत, आणि अंगणात जाऊन लोखंडी चौकटीला विणलेल्या दोरीच्या झोळीत बसली. इथे प्रत्येक घरापुढे अशी झोळी असते. तिने पाय हलवत फोन काढला आणि कुणाशीतरी मोठमोठ्याने बोलायला लागली. तेव्हा आम्हाला कळलं की जेवण झालं.

वाईट ती नव्हती, हे आधीच सांगते. आमिनाथ आमची घरमालकीण. ज्ञानेश्वरला इथे मास्तरकी मिळाली त्या शाळेने तिच्या घरामागच्या दोन खोल्या आम्हाला दिल्या होत्या, आणि आमच्या गॅसची टाकी पुढच्या बोटीने येईपर्यंत जेवण तिच्याकडे होतं. तिने आमच्यासाठी अंगण झाडून घेतलं होतं, खिडकीला नवा पडदा लावला होता. हिंदी सिनेमे बघून बघून तिला हिंदी येत होती, त्यामुळे ती माझ्याशी थेट नायिकेच्या आवाजात बोलायची. तिचं नाव ऐकून कोल्हारला फोनवर माझ्या सासूबाईंनी आधी हात जोडले होते. आमिनाथ म्हणजे नाथांपैकीच कुणी असणार, मढीच्या कानिफनाथांसारखं, अशी त्यांची समजूत. इथे ते बायकांचं नेहमीचं नाव; पण समजूत मी मोडली नाही. परदेशात नाथाच्या घरी उतरलोय म्हटल्यावर त्यांना रात्री झोप लागत असेल तर माझं काय जातं? पण त्या दुपारी ताटलीवरचा हात काढून घेताना मला माझीच बोटं दिसली आणि मी तशीच बघत राहिले. बोटं फाकलेली होती. चांगली ऐसपैस. मधून बुंदीचा झारा रिकामा झाला असता.

हे बोटांचं मला बनुबाईंनी शिकवलेलं. बनुबाई म्हणजे माझ्या सासूबाई. लग्न होऊन मी कोल्हारला आले त्याच वर्षी पुतण्याचं जावळ होतं. रानातच मांडव, पाटाला पाणी सुटलेलं, ऊस डोक्याएवढा, आणि उसाच्या कडेने पंगत बसलेली. मला बुंदीची बादली देऊन त्यांनी पंगतीत उभं केलं. मी पहिल्याच पाहुण्याला विचारलं, ‘बुंदी हवी का?’ तो ‘नको’ म्हणाला. मी पुढे सरकले. तेवढ्यात मागून माझ्या दंडाला चिमटा बसला. ‘सुनबाई, इचारती काय? इचारलं की मानूस लाजतं. वाढायचं आसतं.’ मी म्हटलं, ‘पण ते नको म्हणाले.’ तेव्हा त्या माझ्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या, ‘तोंडाकडं बघू नको, हाताकडं बघ. बोटं मिटल्याली आसली तर खरंच नको. फाकल्याली आसली तर मधून सोडून दे.’ मी पंगतीवरून नजर टाकली. पत्रावळींवर आडवे धरलेले सगळे हात, म्हाताऱ्यांचे, पोरांचे, व्याह्यांचे, आणि सगळ्यांची बोटं फाकलेली. तोंडाने सगळे नको नको करत होते. मी तेव्हा इतकी हसले की बादली खाली ठेवावी लागली. मग मात्र वाढत सुटले. सगळ्या कोल्हारात माझं नाव झालं, रंगनाथची सून मोठी आग्रहाची म्हणून. पहिला नको म्हणजे मी हावरा नाही, दुसरा नको म्हणजे तुम्हाला कशाला त्रास, आणि तिसरा नको हसून म्हणायचा म्हणजे वाढा आता. ही शिडी आमच्यात पोर चालायला लागायच्या आधी चढायला शिकतं. तिसऱ्या पायरीपर्यंत यजमान सोबत येतो, हे त्यात धरलेलंच असतं. या बेटावर माणसं पहिल्याच पायरीवर आपला शब्द खरा धरून उतरून जातात.

आणि हे ‘शब्द खरा धरतात’ असं मनात आलं तेव्हा मला एकदम धक्क्यावरची संध्याकाळ आठवली आणि भूक जागच्या जागी मेली. आम्ही बोटीतून उतरलो तेव्हा प्रिन्सिपल स्वतः न्यायला आले होते. उंच, सावळे, पांढरा शर्ट, बोलायला मृदू. त्यांनी ज्ञानेश्वरचा हात हातात घेतला, मग माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, ‘मॅडम, तुम्हीही शिक्षिका आहात ना? आमच्या दुसरीच्या वर्गाला इंग्रजीला कुणी नाही. तुम्ही घ्याल का?’ आणि मी काय म्हणावं? मी, जिने राहात्याच्या शाळेत बारक्या पोरांना शिकवण्यात इतकी वर्षं घातली, जी रोज सकाळी कोल्हारहून स्कूटीवर नगर-मनमाड रस्त्याने पेरूंच्या पाट्या मागे टाकत जायची आणि वर्गात पाऊल टाकलं की घर, सासर, रस्त्यावरचे खड्डे, सगळं विसरायची. जिने ही मालदीवची जाहिरात शोधली, दोघांचे अर्ज भरले, आणि एकच जागा पक्की झाली ती नवऱ्याची तरी ‘तिकडे गेल्यावर माझंही होईल’ म्हणून हसत बॅगा भरल्या. ती मी मान तिरकी करून म्हणाले, ‘नो, नो, सर. मी कसली? हेच शिकवतील.’ प्रिन्सिपल म्हणाले, ‘ओके, नो प्रॉब्लेम,’ आणि त्यांनी आमची मोठी बॅग उचलली. मला तेव्हा काहीसुद्धा वाटलं नाही. उलट छान वाटलं. किती अदबीने विचारलं, असं वाटलं. आता उद्या विचारतील, मग परवा जरा जोर देऊन विचारतील, मग मी ‘बरं, तुम्ही म्हणताच आहात तर’ असं म्हणेन. त्या गोड भरवशावर मी त्या रात्री समुद्राचा आवाज ऐकत झोपले. आता आमिनाथची झोळी कुरकुरताना ऐकत होते आणि मला कळत होतं की तो वर्गही त्या रोशीसारखाच झाकून आत नेऊन ठेवलेला आहे.

मला शिकवायचं होतं. इतकं साधं आहे ते. लोकांना वाटतं बाई नवऱ्याबरोबर परदेशी गेली, समुद्रकाठी फिरते, चैन आहे. फिरण्याचं म्हणाल तर आमचं बेट फिरायला घेतलं की घामही यायच्या आत संपतं. रस्त्यांवर पांढरी वाळू, दोन्ही बाजूंना पोवळ्याच्या दगडाच्या भिंती, आणि कुठल्याही गल्लीच्या टोकाला निळं पाणी उभं. पहिल्या दिवशी मी वेडी झाले होते. एवढं पाणी! मी आईला फोनवर दाखवलं. माझी आई, मुक्ताबाई, जामखेडच्या आमच्या पत्र्याच्या पडवीत बसून म्हणाली, ‘समदं खारट?’ मी म्हटलं, समदं. ‘मंग कशाला इतकं ठिवलंय त्यांनी?’ ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून मात्र मला ते पाणी अंगावर यायला लागलं. रस्ता कुठेच जात नाही याची सवय नसलेली मी बाई. आमच्याकडे रस्ता म्हणजे कुठेतरी जाणारच, नगरला तरी नाहीतर मनमाडला तरी. सकाळी ज्ञानेश्वर टाय लावून शाळेत गेला की मी दोन खोल्या झाडायची, आणि झाडायला दोनच खोल्या. मग स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहायची. खिडकीसमोर वाळूचा रस्ता, रस्त्यापलीकडे शाळेची कमरेएवढी भिंत, आणि भिंतीला लागून पहिलाच वर्ग दुसरीचा. माझं नशीब कुणी मुद्दाम इतक्या जवळ आणून ठेवलं होतं कुणास ठाऊक. तो वर्ग मला पूर्ण ऐकू यायचा. बाई नसलेला वर्ग कसा वाजतो ते मला पाठ आहे. आधी कुजबुज, मग बाक सरकणं, मग एक मोठी किंचाळी, मग दाराशी कुणीतरी येऊन ओरडून जातं, आणि मग पुन्हा कुजबुज. माझे पाय खिडकीखाली आपोआप हलायचे. हातातलं फडकं मी डस्टरसारखं धरलेलं असायचं.

एक गंमत मात्र इथे आल्यावर झाली. मी नवऱ्याला ‘तू’ म्हणायला लागले. कोल्हारच्या घरात ‘अहो’ होतं. खोलीचं दार लावल्यावरसुद्धा ‘अहो’च, कारण भिंतीपलीकडे सासरे रंगनाथ खोकत असायचे. इथे पहिल्याच सकाळी माझ्या तोंडून ‘ज्ञानेश्वर, टॉवेल घे ना’ असं निघालं आणि दोघंही दचकलो. मग त्याला ते आवडलं. मला तर फारच आवडलं. कोल्हारचा फोन आला की ‘अहो’ परत यायचं आणि फोन ठेवला की जायचं. तर त्या दिवशी आमिनाथच्या ओसरीतून उपाशी परत आल्यावर आम्ही बनुबाईंनी दिलेल्या चिवड्याची पिशवी फोडली. मुरमुऱ्यांचा चिवडा, शेंगदाणे, लसूण, कढीपत्ता. येताना ज्ञानेश्वरने त्या पिशवीवरून भांडण केलं होतं, एवढी मोठी पिशवी, तिथे काय दुकानं नाहीत का म्हणून. आता तोच बकाणे भरत होता. मी त्याला धक्क्यावरचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘अगं, पण मला वाटलं तुला खरंच नकोय. म्हटलं दमली असेल.’ ‘तू कोल्हारचाच ना? माझी बोटं नाही का बघितलीस?’ ‘तुझ्या हातात बॅगा होत्या,’ तो म्हणाला. ‘मग तू सांग त्यांना,’ मी म्हटलं. तो म्हणाला, ‘सांगतो की. त्यात काय.’

त्याने सांगितलं ते असं. मधल्या सुट्टीत तो प्रिन्सिपलांजवळ जाऊन उभा राहिला आणि हवापाणी झाल्यावर म्हणाला, ‘सर, माय वाईफ इज एम. ए., बी. एड.’ प्रिन्सिपल म्हणाले, ‘व्हेरी गुड.’ मग हा म्हणाला, ‘तिला लहान मुलं फार आवडतात.’ प्रिन्सिपल म्हणाले, ‘माशाल्ला, अल्लाह तुम्हाला खूप देवो.’ आणि हा ‘थँक यू’ म्हणून परत आला. हे सांगताना तो स्वतःच इतका हसत होता की मला रागावता येईना. पण मी रागावले. ‘अरे, सरळ म्हणायचं ना, तिला वर्ग द्या!’ ‘असं कसं सरळ म्हणायचं?’ तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा खरोखर कोड्यात पडलेला होता. मला त्याच्या चेहऱ्यात आख्खी पंगत दिसली. आपण कुणीच सरळ म्हणत नाही. माझं लग्नसुद्धा असंच झालं. स्थळ बघून गेल्यावर माझ्या वडिलांनी, पुंजारामांनी, मला विचारलं, ‘मुलगा पसंत हाय का?’ मी म्हणाले, ‘तुम्ही ठरवाल ते.’ त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं, मी म्हणाले, ‘मला काय कळतंय.’ तिसऱ्यांदा त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं, मी हसले, आणि त्यांनी कोल्हारला फोन लावला. राहात्याच्या शाळेतही तसंच. हेडमास्तर म्हणाले मॅडम पहिलीचा वर्ग घ्या, मी म्हणाले मला जमेल का, ते म्हणाले घ्याच, मी म्हणाले बघा बाई. जे जे मला आयुष्यात हवं होतं ते ते कुणीतरी तिसऱ्यांदा विचारलं म्हणून मिळालं. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारी मी कशी दिसते, मलाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी कोल्हारचा फोन आला. बनुबाईंना सांगितलं तर त्यांनी मला धीर दिला, तोही असा की माझा होता तो धीर गेला. ‘थांब जरा,’ त्या म्हणाल्या, ‘परत इचारत्यात. न इचारून जात्यात कुठं? लई पुढं पुढं करू नको, परका मुलूख हाय. आपुन मागून घेतलं का मानूस हलकं हुतं.’ मागून रंगनाथांचा आवाज आला, ‘तिला म्हनावं, मास्तरकीत मान मोठा आसतो. बोलवल्याबिगर जायाचं न्हाई.’ मी ‘हो, हो’ म्हटलं. मग बनुबाईंनी विचारलं, ‘जेवन बराबर हाय ना? ती आमिनाथ वाढती ना नीट?’ ‘पोटभर वाढते, आई,’ मी म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर चिवड्याच्या पिशवीला पुन्हा गाठ मारून ठेवली, कारण ती खाली खाली चालली होती.

मी थांबले. दोन वेळा प्रिन्सिपल आमच्या रस्त्याने गेले. मी दारात उभी. एकदा ते म्हणाले, ‘मॅडम, सगळं ठीक? काही हवंय?’ काही हवंय! माणसाने इतकं दारात येऊन विचारावं आणि मी म्हणावं, ‘नो, नो, सर, एव्हरीथिंग इज फाइन.’ ते पुढे गेले आणि मी दार लावून कपाळ दाराला टेकवलं. एका दुपारी ज्ञानेश्वर घरी आला तेव्हा त्याच्या तोंडातून नुसती हवाच येत होती. आवाज पार बसला होता. त्याला आठवी-नववी होती, आणि दुसरीही मधूनमधून त्याच्याच गळ्यात बांधली होती. आठवीच्या पोरांपुढे तो राजा असतो, पण दुसरीची पोरं बघितली की त्याचे हात कुठे ठेवायचे ते त्याला कळत नाही. त्याने मला चिठ्ठीवर लिहून दाखवलं, आणि मग तेही वेड्यासारखं वाटलं म्हणून कानाशी येऊन घोगऱ्या आवाजात सांगितलं, ‘राजधानीहून एक बाई मिळणार आहेत म्हणे. सर उद्या फोन करून पक्कं करणार आहेत.’ आणि म्हणाला, ‘रेश्मा, तू सांग. मी सांगितलं तर ते पुन्हा अल्लाहकडे जाईल.’ मी हसले नाही. मी त्याला कोमट पाण्यात मीठ घालून दिलं आणि तो गुळण्या करत असताना नळाकडे बघत बसले. इथे प्यायचं पाणी जपून वापरायचं असतं, पावसाचं साठवलेलं. नळ थेंब थेंब गळत होता आणि त्याखाली मी नकळत पातेलं सरकवलं होतं. ही सवय कोल्हारची नाही. कोल्हारला पाट वाहतो, नळ गळला तर गळला. ही जामखेडची.

आणि मग जामखेडच आलं, सगळंच्या सगळं. उन्हाळा, पत्रे तापलेले, चौकात रिकाम्या घागरींची रांग, आणि लांबून टँकरचा हॉर्न. माझी आई म्हणजे गरीब गाय. पाहुण्यांसमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नाही, भावाच्या घरी जेवायला गेली तर अर्धपोटी उठते. पण टँकरचा हॉर्न वाजला की ती वेगळीच बाई व्हायची. गाडी थांबायच्या आत चाकावर पाय देऊन वर चढलेली, पदर कमरेला, आणि नळी टँकरच्या तोंडात. ‘माजी पयली! माजी हाय पयली!’ सगळं गाव ऐकायचं. मी खाली घागर धरून मान खाली घालायचे. एकदा घरी आल्यावर म्हटलं, ‘आई, लोक बघतात गं.’ ती ओले हात माझ्या तोंडावरून फिरवत म्हणाली, ‘लाजून घागर भरत न्हाई, रेश्मे.’ तीच बाई संध्याकाळी शेजारणीने दिलेल्या शिपी आमटीला तीनदा नको म्हणायची. पंगतीची रीत वेगळी आणि टँकरची वेगळी, हे तिला न सांगता कळत होतं. मला त्या दिवशी, परक्या देशातल्या गळक्या नळासमोर बसून कळलं. नको म्हणायला मागे भरलेलं पातेलं असावं लागतं. मी कोल्हारला आले आणि पाटाच्या पाण्यावर मऊ पडले. तिथे आग्रहाला माणसं होती, उद्या होता, परवा होता. इथे उद्या फोन जाणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानेश्वर गळ्याला मफलर गुंडाळून गेला आणि मी खिडकीत उभी राहिले. कुजबुज झाली. बाक सरकले. किंचाळी झाली. दाराशी ओरडायला कुणी आलं नाही. मी फडकं खाली ठेवलं, चिवड्याची पिशवी घेतली आणि रस्ता ओलांडला. एवढासा रस्ता, पण मला चांगलं आठवतंय, वाळू तापलेली होती आणि मी एक चप्पल घरातच विसरले होते. अंगणाच्या भिंतीवरून आमिनाथने हाक मारली, ‘कहाँ जा रही हो?’ मी म्हटलं, ‘स्कूल.’ ती मागून हसत ओरडली, ‘एक चप्पल में?’ मी दुसरीही दाराशी काढून ठेवली, कारण आमच्याकडे वर्गात चप्पल घालत नाहीत, आणि आत गेले. पांढऱ्या शर्टातली पोरं एका क्षणात गप्प झाली. सगळीकडची पोरं सारखीच गप्प होतात आणि त्या गप्प होण्यात मला जे वाटतं ते मला दुसऱ्या कशानेही वाटत नाही. माझ्या अंगात रक्त आलं. कुणाला विचारायचं नाही, वाढायचं, मी मनात म्हटलं. मी बाक भिंतीला लावायला सांगितलं, खुणांनीच, आणि पोरांना समोरासमोर दोन ओळींत खाली बसवलं. प्रत्येकापुढे वहीचा एकेक कोरा कागद. पंगत तयार झाली.

शिकवायचं काय ते ठरवून गेलेच नव्हते, पण तोंडातून तेच आलं. ‘यस, प्लीज’ आणि ‘नो, थँक यू.’ पहिल्या फेरीला मी नुसती हवा वाढली. ‘राईस?’ ‘यस, प्लीज!’ ‘फिश?’ ‘यस, प्लीज!’ आवाज असा की छपरावरचे कावळे उडाले. दुसऱ्या फेरीला खरा चिवडा. ‘चिवडा?’ काय आहे ते एकालाही माहीत नव्हतं, पण एकानेही हात आडवा धरला नाही. सगळ्यांच्या ओंजळी वर, डोळे माझ्या मुठीवर, ‘यस, प्लीज!’ मी पाहत राहिले. कुठलीही शिडी नाही. हवं म्हटलं की हवं. पण धड्याचा दुसरा अर्धा भागही व्हायला हवा होता ना! ‘कुणीतरी नो म्हणा,’ मी इंग्रजीत विनवलं. कुणी म्हणेना. शेवटी पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी माझी दया येऊन हळूच म्हणाली, ‘नो, थँक यू.’ आणि माझा हात, या हाताला काय म्हणावं, सवयीने पुढे गेला आणि मी तिच्या कागदावर डबल मूठ वाढली. ती आधी चिवड्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, आणि मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. शेजारच्या मुलानेही ते पाहिलं. तो ताबडतोब म्हणाला, ‘नो, थँक यू!’ त्याच्या शेजारचाही. बघता बघता आख्खी दुसरी डबल चिवड्यासाठी ‘नो, थँक यू’ ओरडायला लागली. आल्या आल्या मी त्या पोरांना कोल्हारची रीत लावून बिघडवून ठेवलं होतं. मला हसू आवरेना, डोळ्यांत पाणी आलं, आणि तसंच मी टाळी वाजवून सांगितलं, ‘नाही, नाही. हवं असेल तर यस म्हणा. पहिल्यांदाच म्हणा. नो म्हणाल तर बाई पुढे जाणार.’ आणि मी पुढे गेले, मन घट्ट करून, एकाच्याही कागदावर न वाढता. मागून एक केविलवाणं ‘यस, प्लीज’ आलं. मग दुसरं. मग सगळी.

तेव्हा दारात प्रिन्सिपल उभे दिसले. कधीपासून होते कोण जाणे. मागे खांबाआड ज्ञानेश्वर, गळ्याशी मफलर, डोळे मोठे. पोरं उठली, कागद उडाले. मी हातात पिशवी धरून अनवाणी उभी. प्रिन्सिपल हळू आवाजात म्हणाले, ‘मॅडम, धक्क्यावर तुम्ही नाही म्हणाला होतात.’ त्यात राग नव्हता, फक्त न समजणं होतं. मला एकदम त्यांच्याबद्दल माया वाटली. हा माणूस बिचारा माझा शब्द जपत होता. सांगण्यासारखं केवढं होतं, जावळ, बुंदी, पायऱ्या, बोटं. पण इंग्रजीत ते कुठून सुरू करणार? मी म्हणाले, ‘सर, आमच्या गावात पहिल्यांदा नाहीच म्हणतात. प्लीज, मला परत विचारा.’ ‘परत?’ ‘तोच प्रश्न, सर.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं, वर्गाकडे बघितलं. मग का कुणास ठाऊक, त्यांनी शर्ट नीट केला, जसं काही आम्ही आत्ताच बोटीतून उतरतोय, आणि स्पष्ट म्हणाले, ‘मॅडम, विल यू टेक ग्रेड टू?’ खरं सांगते, माझ्या जिभेवर ‘नो, नो’ आलंच होतं. मान तिरकी व्हायला लागलीच होती. पण माझ्या आधी मागून सगळ्या वर्गाने एका दमात ओरडून सांगितलं, ‘यस, प्लीज!’ आणि त्या आवाजावर मी चढले, आई टँकरच्या चाकावर चढायची तशी, आणि म्हणाले, ‘यस, सर. यस, प्लीज. मला पाहिजे.’ शेवटचं मराठीत गेलं. त्यांना कळलं असावं, कारण ते हसले आणि म्हणाले, ‘बरं झालं. आज दुपारी मी राजधानीला फोन करणारच होतो.’ खांबाआड ज्ञानेश्वर बसलेल्या घशाने काहीतरी ओरडायचा प्रयत्न करत होता.

पिशवीच्या तळाशी एक मूठ शिल्लक होती. मी ती प्रिन्सिपलांपुढे धरली. ‘सर, चिवडा. माझ्या सासूने केलाय.’ ‘नो, नो, थँक यू, मॅडम,’ ते घाईने म्हणाले, ‘मुलांना द्या,’ आणि त्यांनी हात आडवा केला. सगळी पोरं माझ्या मुठीकडे बघत होती, बाई आता काय करतात म्हणून. मी सरांच्या हाताकडे पाहिलं. बोटं चांगली फाकलेली होती.

मी वाढला.